शनवार तेल्यांचं तिकडे कसं झालं?

प्रश्न : आमच्या शेजारी पूर्वी शनवार तेल्यांची घरं होती असं आजोबा सांगायचे, ती माणसं नंतर इस्राईलला गेली. स्वतःच्या धर्माचा देश मिळाल्यावर त्यांचं भलंच झालं असणार ना? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : झालं, पण आधी खूप सोसलं त्यांनी, आणि ते आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. शनवार तेली म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, ते स्वतःला बेने इस्रायल म्हणतात. इथून त्यांना कोणी हाकललं नव्हतं हो, कोकणात धर्मावरून त्रास असा झालाच नाही, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणायचे एवढंच. १९४८ ला इस्राईल झाल्यावर कोणी धर्माच्या ओढीने गेलं, कोणी भाऊ आधी गेला म्हणून, आणि इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्टातल्या नोकऱ्यांचं पुढे काय ही धास्तीपण होतीच. मग मुंबईत ऑफिसात इंग्रजी फायली सांभाळणारा माणूस तिकडे बीरशेबा, दिमोना अशा वाळवंटातल्या गावात मजुरी करायला लागला, कारण प्रार्थनेपुरती हिब्रू यायची, बोलायची नाही.

त्यात रंग आडवा आला. तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा असं दुकानात ऐकवतात ही त्यांची तक्रार होती. १९५१ मध्ये काही कुटुंबांनी सरळ धरणं धरलं की आम्हाला भारतात परत पाठवा, आणि १९५२ ला त्यांना विमानाने परत आणलंसुद्धा! त्यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्राईललाच गेले ते वेगळं.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते लग्नाचं प्रकरण. तिकडे ज्यूंची लग्नं धर्मपीठाकडूनच लागतात, कोर्ट मॅरेजची सोय नाही, आणि १९६२ मध्ये धर्मपीठाने फतवा काढला की बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यूंमध्ये लग्न करत असेल तर आधी त्यांच्या पिढ्या तपासा, कुठे परधर्मातलं कोणी मिसळलंय का बघा. ज्यांनी शेकडो वर्षं कोकणात एकटं राहून शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि सुंता सोडली नाही त्यांना हा प्रश्न! माणसं पेटून उठली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला बायकापोरांसकट ठाण मांडून बसली, शेवटी ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत आणि धर्मपीठाला फतव्यातून त्यांचं नाव काढावं लागलं. ही लढाई त्यांनी स्वतः जिंकली, याचा मला फार अभिमान वाटतो.

प्रश्न : त्यांची मुलं अजून मराठी बोलतात का? (तेच वाचक)

उत्तर : म्हातारी माणसं बोलतात, नातवंडं हिब्रूच. तरी लग्नाआधी मेंदी असते, आणि एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं, अजून करतात. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं तर आहेतच. त्यांच्यातली बरीच माणसं अलिबागला येतात, इस्रायल आळीतलं सिनेगॉग बघतात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या खडकाला जातात आणि जुनी घरं शोधतात. तुमच्या आजोबांनी सांगितलेली ती घरं कुठली, कोणाची, हे आठवतंय तेवढं लिहून ठेवा, कोणी विचारत आलं तर नेऊन दाखवता येईल.