क्रूझच्या आधी मुंबईत दीड दिवस आहे. कुठे राहावं, काय बघावं, कसं फिरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून पाच जण, त्यात सत्तरीला टेकलेले आई-बाबा आणि सहावीतला मुलगा. सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरणार, दुसऱ्या दिवशी दुपारी क्रूझचं बोर्डिंग. अंधेरीत हॉटेल स्वस्त मिळतंय ते घ्यावं का, एलिफंटा जमेल का, आणि सामान घेऊन फिरायचं कसं.

अंधेरीचं हॉटेल सोडून द्या. माझी सगळी नोकरी फोर्टात झाली, म्हणून जरा ठासून सांगतो. तुमचं जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटतं, म्हणजे तुम्ही ज्या स्टेशनात उतरणार तिथून जेमतेम दीड किलोमीटरवरून. अंधेरी तिथून पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे सकाळी बॅगा घेऊन बंदराकडे पाठ फिरवायची, मुंबई बघायला परत दक्षिणेला यायचं, रात्री झोपायला पुन्हा अंधेरी, आणि बोर्डिंगच्या दिवशी घड्याळाकडे बघत पुन्हा तोच रस्ता. खोलीभाड्यात जे वाचेल ते टॅक्सीत जाईल, आणि आई-बाबा जहाजावर चढायच्या आधीच थकतील.

फोर्ट, बॅलार्ड इस्टेट किंवा कुलाबा, या पट्ट्यात खोली बघा. इथली मध्यम भाड्याची हॉटेलं जुन्या इमारतींत असतात, बरीचशी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. त्यामुळे बुक करण्याआधी फोन करून दोन वेगळे प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती चालू आहे का. तिसरा प्रश्न सामानाचा. सकाळी सातला पोचलात तरी खोली बाराच्या आधी मिळणं अवघड, पण बॅगा रिसेप्शनवर ठेवून घेतात. दुसऱ्या दिवशी चेकआउटनंतरही दुपारपर्यंत ठेवतात. या एका सोयीवर तुमचा अख्खा दीड दिवस उभा आहे. हॉटेलने नाहीच म्हटलं तर सीएसएमटीला क्लोकरूम आहे. तिथे बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत, आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं.

आता फिरण्याचं. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. वांद्रे आणि सायनच्या अलीकडे त्यांना परवानगीच नाही, तेव्हा स्टेशनबाहेर येऊन रिक्षा शोधत बसू नका. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने चालते, सुरुवात ३१ रुपयांपासून. तुम्हाला लागणारी बहुतेक अंतरं दोन किलोमीटरच्या आतबाहेरची आहेत, म्हणजे पन्नासेक रुपयांत काम भागतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, टॅक्सीत चारच माणसं बसतात आणि तुम्ही पाच आहात. नुसतं फिरताना दोन टॅक्स्या केल्या तरी खिशाला कळत नाही, पण बॅगांसकट बंदरावर जाताना ॲपवरून मोठी सात आसनी गाडी मागवा. दोन, जवळचं भाडं म्हटलं की काही टॅक्सीवाले मान हलवतात, विशेषतः स्टेशनच्या दारात. त्यांच्याशी वाद घालू नका. शंभर पावलं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवा, ती येते.

मेट्रो-३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, आरे स्टेशन सोडलं तर सगळी जमिनीखालून. आई-बाबांना सिद्धिविनायकाला जायचंच असेल (नागपूरहून येणाऱ्यांना जायचंच असतं, मला माहीत आहे) तर सीएसएमटी किंवा हुतात्मा चौक स्टेशनातून बसा आणि सिद्धिविनायक स्टेशनात उतरा. एसी, सरकते जिने, लिफ्ट, सगळं आहे. मंगळवार असेल तर तो विचार मनातून काढा. मुलाला लोकलमध्ये बसायचं असेल तर दुपारी बारा ते चारच्या मध्ये चर्चगेटहून मरीन लाइन्स, चर्नी रोड असं दोन-तीन स्टेशनं फिरवून आणा. डाव्या बाजूला समुद्र दिसतो आणि हौस भागते. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर नको.

एलिफंटा. जमेल, पण पहिल्याच दिवशी, आणि तो सोमवार नसेल तरच. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेवरून साधारण नऊपासून लाँच सुटतात, एका बाजूला तासभर लागतो. गाडी उशिरा आली आणि तुम्ही अकरानंतर गेटवेला पोचलात तर सरळ बेत रद्द करा. बोर्डिंगच्या दिवशी सकाळी 'पटकन जाऊन येऊ' हा विचार तर अजिबात नको. परतीची लाँच भरल्याशिवाय हलत नाही आणि समुद्रावर तुमचा काही जोर चालत नाही. एका बोटीची वाट बघताना दुसरी हुकली, असं व्हायला नको.

गुडघ्यांचा प्रश्न असेल तर हे आधी वाचा. गेटवेच्या धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळलेल्या असतात, आणि समोर लाँच खालीवर होत असते. खलाशी हात देतो, त्याने 'आता' म्हटलं की पाय टाकायचा, विचार करत थांबायचं नाही. कधी कधी एका लाँचवरून दुसऱ्या लाँचवर जावं लागतं. लाइफ जॅकेट देतात, ते मांडीवर न ठेवता अंगात घाला. घारापुरीला, म्हणजे एलिफंटाच्या बेटावर, उतरल्यावर जेटीवरून एक छोटी झुकझुक गाडी पायथ्याशी नेते. तिथून सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वरून ताडपत्र्यांची सावली. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, भाव आधीच ठरवा. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडं ती मागून घेत नाहीत, ओढून घेतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर वर मुख्य लेण्यात आत गेल्यावर समोर जी तीन मुखांची शिवमूर्ती येते तिच्यासाठी. वीसेक फूट उंच. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलात की आधी काही दिसत नाही, मग डोळे सरावतात तसतसे एकेक चेहरे अंधारातून पुढे येतात. मधला शांत, एका बाजूचा उग्र, दुसरा कोमल. तिथे गाइड लगेच बोलायला लागतो. त्याला पाच मिनिटं थांबायला सांगा. आणि हो, ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती बेटावर नाही, राणीच्या बागेत आहे. मुलगा विचारणारच.

आई-बाबांना हे झेपणार नसेल तर सगळ्यांना ओढत नेऊ नका. दोघं एलिफंटाला जा आणि बाकीच्यांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोडा. गेटवेपासून चालत दहा मिनिटं, सव्वादहाला उघडतं, आत बसायला बाकं आहेत. अकबराचं चिलखत आणि ढाल तिथे आहे. खरं सांगायचं तर मुलालाही लेण्यांपेक्षा तेच जास्त आवडण्याची शक्यता आहे.

पहिल्या दिवशी दुपारी मात्र झोपा. नागपूरचं ऊन तुमच्या अंगवळणी असेल, पण इथला घाम वाळत नाही, त्याने माणूस वेगळाच दमतो. संध्याकाळी टॅक्सीने नरिमन पॉइंटच्या टोकाला उतरा, कठड्यावर बसा, दिवे लागले की हवं तेवढं चाला, कंटाळा आला की टॅक्सी करून गिरगाव चौपाटीला भेळ. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, मरीन ड्राइव्ह कोणाचंच फुकट जात नाही.

आता दुसरी सकाळ, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण क्रूझला आलेले बहुतेक लोक ती हॉटेलच्या खोलीत बॅगा आवरत घालवतात. बॅगा रात्रीच भरून ठेवा आणि सातला बाहेर पडा. सीएसएमटीसमोर या. आदल्या दिवशी तुम्ही त्याच्या पोटातून बाहेर आला असाल, पण सामान आणि टॅक्सीच्या गडबडीत इमारत दिसलीच नसेल. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत १८८७ पासून चालू आहे. फाटकाच्या दोन खांबांवर बघा: एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. मुलाला कोणता कुठे ते शोधायला सांगा. रस्ता वरून ओलांडायला जाऊ नका, खाली भुयारी मार्ग आहे. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच. नाश्ता तिथेच, पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी किंवा आरामचा वडापाव. उघडायची वेळ होईपर्यंत थोडं हिंडा.

तिथून हॉर्निमन सर्कलकडे चालत या. गोल बाग, भोवती कमानींचे ओटे, आणि एका बाजूला एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ चा. त्याच्या पायऱ्यांवर बसायला कोणी हरकत घेत नाही. हल्ली सकाळी तिथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोड्या असतात, त्यांच्या चौकटीत येऊ नका म्हणजे झालं. रविवार असेल तर नशीबवान आहात, सगळा फोर्ट रिकामा मिळेल. कामाचा दिवस असेल तर नऊ ते साडेदहा स्टेशनकडून माणसांचा लोंढा येतो. तेव्हा त्याच्या उलट्या दिशेने चालू नका, आई-बाबांना तर मुळीच चालवू नका. पण कामाच्या दिवसाचा एक फायदाही आहे. साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर डबेवाले डबे उतरवून लावतात. मुलाला तेवढं दाखवा.

शेवटी बॅलार्ड इस्टेट. इथे मी पक्षपाती आहे, मान्य. सरळ रस्ते, रुंद फुटपाथ, झाडं, एका उंचीच्या दगडी इमारती. मुंबईत इतकी शिस्त दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल. ही जमीन मुळात समुद्र होता. शेजारची अलेक्झांड्रा गोदी, आताची इंदिरा गोदी, खणताना निघालेला भराव टाकून ती केली, आणि इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेटने आखला. गेटवे त्याचाच, वस्तुसंग्रहालयही त्याचंच. म्हणजे दीड दिवस तुम्ही एकाच माणसाच्या कामात फिरत असता. विलायतेच्या टपाल बोटी याच धक्क्याला लागत आणि इथूनच साहेबलोक फ्रंटियर मेलमध्ये बसून थेट पेशावरकडे जात. बोर्डिंगची वेळ दुपारी उशिराची असेल तर जेवायला ब्रिटानिया आहे, १९२३ पासूनचं इराणी-पारशी हॉटेल, दुपारचंच जेवण मिळतं. बेरी पुलाव शाकाहारीही असतो. वेळ लवकरची असेल तर हलकंच खा, जहाजावर चढलं की बहुतेक लगेच जेवण सुरू असतं.

बंदरावर जाताना टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोटीवर जायचंय' सांगू नका. मुंबईत बोटी तीन ठिकाणांहून सुटतात. एलिफंटा-मांडव्याच्या गेटवेवरून, मोरा-रेवस आणि मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) भाऊच्या धक्क्यावरून, आणि क्रूझ बॅलार्ड पिअरवरून. भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, ट्रॉली बॅगा हातात आणि पायाखाली मासळीचं पाणी. 'बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल' असं सांगा आणि तिकिटावर जे गेट छापलं असेल त्याचं नाव घ्या. पूर्वापार खूण ग्रीन गेटची आहे. बंदराच्या रस्त्याला गेटांची नावं रंगांवरून आहेत, ग्रीन, रेड, ब्लू, यलो, त्यामुळे घोटाळा सहज होतो.

वेब चेक-इन घरूनच करा, तिथे जी बोर्डिंगची वेळ मिळते तीच खरी. टर्मिनलवर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या थेट केबिनमध्ये येतात, पण संध्याकाळपर्यंत वेळ लागू शकतो. तेव्हा आई-बाबांची औषधं, सगळ्यांची आधार कार्डं आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. व्हीलचेअर हवी असेल तर क्रूझ कंपनीला दोन-तीन दिवस आधी कळवा, दारात जाऊन मागू नका.

परतीचं विमान तुम्ही लिहिलं आहे पण विमानतळ लिहिला नाही. तिकीट एकदा काढून बघा, मुंबई आहे की नवी मुंबई. दोन्हींच्या दिशा वेगळ्या. नवी मुंबई असेल तर बंदराजवळूनच ईस्टर्न फ्रीवे आणि पुढे अटल सेतू. मुंबई असेल आणि हातात बॅगा कमी असतील तर सीएसएमटीहून मेट्रो-३, टी-१ आणि टी-२ दोन्हीला स्टेशन आहे. जहाज सकाळी लागलं तरी उतरायला वेळ जातो, म्हणून दुपारच्या आधीचं विमान असेल तर ते आत्ताच बदलून घ्या.