सारखीच रोपं, तरी जनुकाच्या एक्सप्रेशनमध्ये (ते किती सक्रिय आहे यात) इतका फरक का? नमुने एकत्र वाटावेत का?

तुम्ही विचारलंय की अरॅबिडॉप्सिसची (प्रयोगशाळेत वापरली जाणारी छोटी वनस्पती) रोपं एकाच वाणाची, एकाच ट्रेमधली असूनही क्यूपीसीआरमध्ये (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीत) एका जनुकाचे आकडे रोपागणिक चौपटीपर्यंत बदलतात, तर दहा रोपं एकत्र वाटून एकच नमुना करावा का.

आधी हा फरक रोपांचा की हाताचा, ते तपासा. एका रोपाच्या वाटलेल्या पुडीचे दोन भाग करून दोन्हींतून आरएनए आणि सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) वेगवेगळं करा. (रोप फार लहान असेल तर या चाचणीपुरती अनेक रोपांची पूड चालेल.) सीटीत (संकेत दिसेपर्यंत लागलेल्या पीसीआर फेऱ्यांच्या संख्येत) १ चा फरक म्हणजे साधारण दुप्पट, म्हणून चौपट म्हणजे २ सीटी. दोन्ही भाग ०.३ ते ०.५ सीटीच्या आत जुळले, तर एवढी तफावत हाताची नाही. संदर्भ जनुक (ज्याच्या स्थिर पातळीशी तुलना करतात ते) एकच वापरू नका. पीपी२ए आणि यूबीसीसारखी दोन तरी घ्या.

तफावत रोपांचीच निघाली तर जनुक कोणतं ते बघा. ताण, रोग, स्पर्श यांना प्रतिसाद देणारी जनुकं रोपागणिक फार हलतात; रायबोसोमची त्या मानाने स्थिर असतात. टीसीएच जनुकं तर नुसत्या स्पर्शाने १० ते ३० मिनिटांत चढतात. म्हणजे तुम्ही ट्रे हलवत, एकेक रोप उपटत अर्धा तास कापणी केलीत, तर शेवटची रोपं वेगळी दिसणारच. सीसीए१सारखं रोपाच्या जैविक घड्याळाचं (दिवस-रात्रीनुसार चढउतार होणारं) जनुक असेल तर वेळ आणखी काटेकोर पाळावी लागते. कापणी १५ मिनिटांत उरका आणि प्रत्येक रोप लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. बियाणं पेरण्याआधी ओलं करून ४ अंशांवर, अंधारात २-३ दिवस ठेवा, म्हणजे उगवण एकसारखी होते. ट्रेच्या कडेची रोपं लवकर सुकतात, ती मी सरळ वगळेन.

आता एकत्र वाटण्याबद्दल. दहा रोपांचा एकच नमुना करू नका. नऊ रोपांत पातळी १ आणि एकात २१ असेल, तर सरासरी ३ येते; म्हणजे एका रोपामुळे अख्खा गट तिप्पट दिसतो आणि ते कळायला मार्गच उरत नाही. एका नमुन्याच्या तीन वेल (प्लेटमधले खळगे) म्हणजे तीन जैविक पुनरावृत्त्या (वेगळ्या रोपांचे स्वतंत्र नमुने) नव्हेत, हेही ध्यानात ठेवा. दोन गटांच्या सरासरीचीच तुलना हवी असेल तर प्रत्येक गटात ८-१० रोपांचे किमान ३-४ स्वतंत्र नमुने करा. रोपारोपांतली तफावतच अभ्यासायची असेल तर मिसळणं पूर्ण बंद; एकेक रोप वेगळं, आणि प्रत्येकाचं वजन व पानांची संख्या टिपून ठेवा, कारण बराचसा फरक वाढीच्या टप्प्याचाच निघू शकतो. आकडेमोड डेल्टा सीटीवर (जनुकाची सीटी वजा संदर्भ जनुकांची सीटी) करा, पटींवर नको.