गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) डिसेंबरच्या पहाटे अ‍ॅपवरच्या अंदाजापेक्षा जास्त थंडी का असते?

कारण अ‍ॅपमागच्या मॉडेलला (हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी गणिताला) तुमची दरी दिसतच नाही. युरोपीय हवामान केंद्राच्या जागतिक मॉडेलची जाळी, म्हणजे हिशेबासाठी पाडलेल्या चौकोनाची बाजू, सुमारे ९ किलोमीटरची, जीएफएस या अमेरिकी मॉडेलची सुमारे १३. एका चौकोनात डोंगर, दरी, कुळागर सगळंच सरासरीत सपाट होतं. प्रत्यक्षात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उतारावरची हवा जमिनीलगत गार होते, जड होऊन पाण्यासारखी खाली ओघळते नि तळाशी साचते. वर उबदार हवेचं झाकण. किलोमीटरभर रुंद दरीसाठी जाळी १००-२०० मीटरची हवी. तेवढ्यानंही भागत नाही: अशा स्थिर हवेचं वर-खाली मिसळणं बरीच मॉडेलं जास्तच धरतात, म्हणून थंडी कमी दाखवतात (माझ्या मते खरी गोम इथेच). मात्र ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा फरक फारसा उरत नाही.