गिलावा खरवडायचा का?

प्रश्न : ताई, आमचं गाव मालवणच्या बाजूला आहे. गावातलं चर्च जुनं, जांभ्याचं, वर पांढरा चुना. गेले दोन पावसाळे पश्चिमेकडचा गिलावा फुगून पडतोय. समितीत एकाने सुचवलं की सगळाच खरवडून काढू. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चसारखा तांबडा दगड दिसेल आणि दरवर्षीचा रंगाचा खर्चही वाचेल. तरुण मंडळींनी कल्पना उचलून धरली आहे. फादर म्हणतात, आधी कुणा जाणकाराला विचारा. काय करावं?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : फादरांना माझा नमस्कार सांगा. आणि गिलाव्याला हात लावू नका.

बॉम जीझसचं नाव काढलंत, तर तिथूनच सुरू करते. १५९४ साली पाया घातला आणि १६०५ मध्ये ते पुरं झालं. बांधणाऱ्यांनी ते उघडं ठेवलेलं नव्हतं. आज सगळे ज्याचे फोटो काढतात तो तांबडा दगड १९५०च्या दशकात बाहेर आला. बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने गिलावा उतरवला, तेव्हापासून भिंती पावसात उभ्या आहेत. दगड झिजतोय म्हणून पुन्हा गिलावा करा, असं आम्हा जुन्या इमारती जपणाऱ्यांपैकी बरेच जण सांगतात. पण तोच रंग बघत लहानाची मोठी झालेली माणसं ‘आमचं चर्च असंच’ म्हणून अडून बसतात. त्यांचंही मला समजतं. तुमच्या गावात मात्र ही पंचाईत अजून झालेली नाही, ती कशाला ओढवून घ्यायची? शिवाय तिथल्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम काळ्या पाषाणात आहे, थेट वसईहून आणलेल्या. तो पाषाण पाऊस सोसतो, जांभा नाही.

तुमचे तरुण म्हणतील, आमची घरं चिऱ्याचीच, म्हणजे जांभ्याचीच की, ती कुठे विरघळली? घर नीट बघा. उतरतं छप्पर भिंतीच्या हातभर पुढे आलेलं असतं, खाली पडवी, आणि पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला झापं बांधलेली. चर्चच्या दर्शनी भिंतीला असलं काही नसतं. ती छपराच्याही वर चढते आणि नैऋत्येचा मारा थेट तोंडावर घेते. गोव्या-कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. चुन्याचा गिलावा हे त्या भिंतीचं इरलं आहे. तुमची समिती ते काढून फेकायला निघाली आहे.

पडलेल्या खपलीखालचा एखादा चिरा जवळून बघा. अंगभर भोकं, त्यांत पिवळी-पांढरी माती. वाटीभर पाणी ओता, बघता बघता आत जिरेल. खाणीतून काढताना मऊ असलेला हा दगड हवा लागून कडक होतो हे खरं, पण ती कडक साल वरवरची. पाणी आतली माती धुऊन नेतं आणि सालीचा कपचा सुटतो.

गावातलं चर्च कसं असावं ते बघायला समितीला एका रविवारी तिसवाडीतल्या तळावलीला न्या. सांत आनाचं, म्हणजे मरियेच्या आईचं चर्च. फ्रान्सिस्को दो रेगो या पाद्रींनी १६८१च्या सुमारास हात घातला, अंतोनिओ फ्रान्सिस्को द कुन्या यांनी १६९५ मध्ये तडीस नेलं. माझ्या मते गोव्यातलं सगळ्यात देखणं चर्च हेच, जुन्या गोव्यातली सगळी धरून. पाच मजली दर्शनी भिंत, दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे आणि सगळं पांढरंशुभ्र. त्यावरचं शिंपल्याच्या आकाराचं नक्षीकाम चुन्यातच आहे. गिलावा खरवडला तर चर्चचा चेहराच जाईल, खाली राहील ती खडबडीत भिंत.

परतताना जुन्या गोव्यात सांत आगुस्तीनचा बुरूज दाखवा. तळावलीचा आराखडा त्याच चर्चवरून घेतला, असं मानतात. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने ख्रिस्ती धर्मसंघांना हाकललं, चर्च बेवारस पडलं. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा बुरूज. उरला तो ४६ मीटर उंचीचा उघडा जांभा. वाद घालणाऱ्याला तिथे पाच मिनिटं उभं करा, बाकी मी काही बोलत नाही.

आता तुमचा गिलावा का फुगतोय? माझा संशय सिमेंटवर आहे. मागे कधीतरी कुणीतरी त्या बाजूला सिमेंटचं ठिगळ लावलं असेल, वर प्लॅस्टिक रंग फासला असेल. दगडात शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ते क्षार घेऊन वर येतं आणि गिलावा ढकलतं. बोटाच्या पेराने ठोकत जा. ‘बद्द’ आवाज येईल तेवढाच भाग हाताच्या छिन्नीने काढा, मशीन आणू नका. चुना विरवून मुरवलेला हवा, वाळू नदीची (खाडीची मुळीच नको, मीठ येतं), साधारण एकास तीन. जुने गवंडी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत. तसा माणूस मिळाला तर त्याला कामात टोकू नका. पातळ थर, प्रत्येक थर ओला ठेवून. काम दसऱ्यानंतर काढा, म्हणजे पावसाआधी चुना पुरता धरेल. आणि आधी छपराच्या पन्हळी तपासा. निम्म्या वेळा पाणी तिथूनच उतरतं.

प्रश्न : तळावलीच्या चर्चमध्ये भिंती पोकळ आहेत असं ऐकलं. आणि तिथे काकडी का वाहतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पोकळ आहेत. जाड भिंतींच्या आतून वाट काढलेली आहे. कबुलीजबाब द्यायला येणाऱ्याला कुणाच्या नजरेस न पडता पाद्रींपर्यंत पोचता यावं, म्हणून ती केली असं सांगतात.

काकडीचं म्हणाल तर, सांत आनाला उतारवयात मूल झालं अशी श्रद्धा, म्हणून मूल मागणारी जोडपी तिला काकडी वाहतात. पोर्तुगीजमध्ये काकडी ‘पेपीनु’ आणि मूल ‘मेनीनु’, त्यामुळे नवसाला यमकही आयतं जुळलं. मुली उडीद वाहून नवरा मागतात आणि मुलगे चमचा वाहून बायको. सणाचा दिवस २६ जुलै, नेमका तवशांचा, म्हणजे काकड्यांचा हंगाम. फेस्त ‘तवशांचं’ म्हणूनच ओळखलं जातं आणि त्याला हिंदूही जातात. छत्री न्या.