इंजिन बांधून झालं, आता पॉवर कुठून आणायची

अगं पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, फोटोपण बघितले. १९८७ ची माझदाची एफसी आरएक्स-७, तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) तूच उघडलंस आणि तूच बंद केलंस, काम एक नंबर झालंय. आता तुझा प्रश्न आहे की टर्बो किट (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबून भरणारं), ब्रिज पोर्ट (हवा आत घेणारं भोक कापून खूप मोठं करणं), सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा हवा भरणारा पंप), नायट्रस (जादा ऑक्सिजन देणारा गॅस), ह्यातलं काय करू. सरळ सांगतो, ह्या सीझनला ह्यातलं काहीच नको. पहिले हजार मैल अजून व्हायचेत आणि तू बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचं प्रेशर) दाखवणारा गेज कुठला घेऊ विचारतेस, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पण नुसतं नको म्हणून सोडत नाही, पुढच्या वर्षी तुला हे ठरवावं लागणारच आहे म्हणून कारणं सांगतो.

आधी हातात काय आहे ते बघ. तुझं इंजिन १३बी, नॉन-टर्बो आहे, सिक्स पोर्ट (हवा आत घेणारी सहा भोकं), कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) ९.४, आणि माझदाने कागदावर १४६ एचपी दिलेत. त्याच वर्षीची टर्बो टू, म्हणजे ह्याच गाडीची टर्बोवाली आवृत्ती, १८२ एचपीची, कॉम्प्रेशन ८.५. म्हणजे फरक फक्त ३६ एचपीचा, आणि तेवढ्यासाठी माझदाने काय काय बदललं बघ, रोटर वेगळे, इंजेक्टर मोठे, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), गिअरबॉक्स मजबूत, डिफ (डिफरन्शियल) वेगळा. ज्या कंपनीने सगळ्या जगाने नाद सोडल्यावरही रोटरी चालवून दाखवली तिला ३६ एचपीसाठी एवढं करावंसं वाटलं, आणि किट विकणारा म्हणतो शनिवार-रविवारात बसेल. काय ते तूच समज.

टर्बोची भीती मी का घालतो ते सांगतो. पिस्टनच्या गाडीत थोडं नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) झालं तर खडखड ऐकू येते, तू पाय काढतेस, बऱ्याचदा निभावतं. रोटरीत तेवढी सवलत नाही. अपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, फक्त २ मिमी जाडीचं असतं आणि टर्बोवर लीन मिक्श्चरमध्ये (हवा जास्त, पेट्रोल कमी) एकदाच जरी जोरात डेटोनेशन (तेच नॉकिंग) झालं तरी त्याचा तुकडा पडू शकतो. तो तुकडा तिथेच थांबत नाही, हाऊसिंगच्या (रोटर फिरतो त्या कवचाच्या) क्रोमवर ओरखडे काढत एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो आणि थेट टर्बोच्या टर्बाइनवर जाऊन आदळतो. म्हणजे सील गेलं, हाऊसिंग गेलं, कदाचित रोटरपण, आणि वर टर्बो गेला. हाऊसिंग आता किती महाग झालेत ते तू स्वतःच शोधलंयस, मी सांगायला नको. म्हणून रोटरीत पॉवर टर्बोच्या साइजवर ठरत नाही, पेट्रोल किती वेळेवर आणि किती पुरतं पोचतंय, ठिणगीचं टायमिंग किती मागे आहे आणि उष्णता किती बाहेर निघतेय ह्यावर ठरते. ज्याला फ्युएल पंप, इंजेक्टर, वाइडबँड (मिक्श्चर मोजणारा सेन्सर) आणि ट्यूनिंगला पैसे नाहीत त्याला टर्बोला पैसे नाहीत, असंच धर.

आता ९.४ च्या रोटरवर टर्बो बसवलेली माणसं आहेत का, तर आहेत, ५-६ पीएसआय बूस्टवर व्यवस्थित चालवतात. पण यादी कर. मॅनिफोल्ड, टर्बो, तेलाच्या आणि पाण्याच्या लाइनी, इंटरकूलर, पायपिंग, मोठे इंजेक्टर, पंप, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा वेगळा कॉम्प्युटर) कारण तुझा मूळ ईसीयू आणि तो फडफडणारा एअर फ्लो मीटर बूस्टसाठी बनलेलाच नाही, मग ट्यूनरचे पैसे, आणि एवढं सगळं करून खाली गिअरबॉक्स तोच नॉन-टर्बोचा कमजोर. बेरीज केलीस तर अख्खं टर्बो टूचं इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, हार्नेस, ईसीयू असं एकत्र घेण्याच्या आसपासच जातं. म्हणून माझं मत पक्कं आहे, टर्बोच हवा असेल तर स्वॅप कर, म्हणजे अख्खं इंजिनच बदल, किट नको. जपानहून आलेलं इंजिन घेतलंस तर विकणारा काहीही म्हणू दे, कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत आणि मोजूनही घरी आणल्यावर उघडावं लागेल असंच बजेट धरायचं.

स्वॅप झाल्यावरची एक गंमत आत्ताच ऐकून ठेव, कारण नव्या माणसाचं इंजिन इथेच जातं. टर्बो टूचं मूळ बूस्ट साधारण ६ पीएसआयच्या आसपास, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) छोटं. लोक मोकळा एक्झॉस्ट लावतात, बाकी काही करत नाहीत, आणि वेस्टगेटला तेवढा गॅस बाहेर सोडता येत नाही, मग वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातं. त्यावर ईसीयू फ्युएल कट मारतो, म्हणजे पेट्रोल तोडतो, गाडी गचका देते. आणि हे शहाणे काय करतात तर तो कट चुकवणारा डबा आणून लावतात. अगं तो कट तुझं इंजिन वाचवायला दिलाय! वेस्टगेट पोर्ट करायचं, पंप आणि इंजेक्टर वाढवायचे, ट्यून करायचं, आणि तोपर्यंत कटला हात लावायचा नाही.

ब्रिज पोर्टबद्दल तुझ्या मित्राने १९९१ च्या ल माँ ह्या २४ तासांच्या शर्यतीचं उदाहरण दिलं म्हणे, माझदाची रेसिंग गाडी ७८७बी टर्बोशिवाय जिंकली. बरोबर आहे, जिंकली. पण त्या इंजिनाला ४ रोटर होते, प्रत्येक रोटरला ३ प्लग, इनटेकच्या नळ्या चालू गाडीत लांब-आखूड होणाऱ्या, पेरिफेरल पोर्ट (हाऊसिंगमधूनच हवा घेणारे), साधारण ७०० एचपी, आणि ती गाडी २४ तास वरच्या आरपीएममध्येच राहायला बनवली होती. तू कामाला जाताना सिग्नलला थांबणार आहेस. ब्रिज पोर्टचा आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचं हळू चालणं) म्हणजे तो ब्रॅप ब्रॅप आवाज, ऐकायला मलापण आवडतो, खोटं कशाला बोलू, पण व्हॅक्यूम पडतं, ब्रेकचा बूस्टर कुरकुरतो, खाली टॉर्क राहत नाही आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. शिवाय इनटेक पोर्ट साइड आयर्नमध्ये (बाजूच्या लोखंडी प्लेटांमध्ये) आहेत, म्हणजे नुकतं बंद केलेलं इंजिन परत पूर्ण सुटं करायचं, पाण्याच्या सील आणि ओ-रिंग सगळ्या नव्या. स्ट्रीट पोर्ट (आहे तेच भोक थोडंसं मोठं करणं) मात्र चांगली गोष्ट आहे, पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने उघडशील तेव्हा नक्की कर, फक्त त्याच्यासाठी म्हणून उघडू नकोस.

सुपरचार्जर एफसीसाठी धड मिळत नाहीत, जुने मिळाले तरी बरेच इंटरकूलरशिवायचे, सोडून दे. नायट्रस तर तुझ्या हातात नकोच, रागावू नकोस. एलएस व्ही८ (पिस्टनचं अमेरिकन इंजिन) टाकायचा असेल तर मला कळवूसुद्धा नकोस.

मग आत्ता काय? आत्ता खरं तर तुझ्याच इंजिनात माझदाने ठेवलेली पॉवर तुला मिळतेय का ते बघ, कारण निम्म्या एफसीमध्ये ती मिळत नसते. सिक्स पोर्टमधले पाचवे-सहावे पोर्ट एरवी बंद असतात, साधारण ४००० आरपीएमच्या आसपास त्यांच्या स्लीव्ह (आतल्या फिरत्या नळ्या) फिरून ते उघडतात, आणि तुझ्या सिरीज ४ मध्ये (एफसीच्या तुझ्या आवृत्तीत) त्या स्लीव्ह फिरवायला एक्झॉस्टचंच प्रेशर वापरलंय. म्हणजे आधीच्या मालकाने मोकळा एक्झॉस्ट लावला असेल तर ते प्रेशरच तयार होत नाही, स्लीव्ह जागच्या हलत नाहीत, आणि माणूस म्हणतो एक्झॉस्ट लावला तरी वर दम का नाही. कधी नुसत्या कार्बनने अडकलेल्या असतात. स्लीव्ह फिरवणाऱ्या अॅक्च्युएटरच्या दांड्यावर मार्करने खूण कर, गाडी वरच्या आरपीएमपर्यंत चालवून आण, खूण पुसली गेलीय का बघ. हलत नसेल तर छोटा इलेक्ट्रिक एअर पंप आणि आरपीएम स्विच लावून चालवता येतं. काहीजण तारेने कायमच्या उघड्या बांधून टाकतात, तसं करू नकोस, खालचा टॉर्क जातो. एक्झॉस्ट लावशील तो हाय-फ्लो कॅटवाला (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेला) घे, कॅट काढून रस्त्यावर फिरणं अमेरिकेत कायद्यात बसत नाही आणि त्याशिवाय वासाने शेजारी तक्रार करतील ते वेगळंच.

दुसरं कूलिंग. हाऊसिंग अॅल्युमिनियमचं, प्लेटा लोखंडाच्या, एकदा तापलं की दोन्ही वेगवेगळे फुगतात आणि मधली पाण्याची सील जाते, मग सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर. रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅन क्लच तपास, आणि ऑइल कूलर स्वच्छ धू कारण रोटर आतून तेलानेच थंड होतो. पाण्याचं आणि तेलाचं तापमान दाखवणारे खरे गेज लाव, डॅशवरच्या काट्यावर विसंबू नकोस. टाकीत गॅलनमागे अर्धा ते एक औंस चांगलं टू-स्ट्रोक तेल घालत जा, मीटरिंग पंप (सीलना तेल पुरवणारा इंजिनाचा पंप) चालू असला तरी.

रोटरीचा कॉम्प्रेशन टेस्टर कोणाकडून तरी आण आणि इंजिन गरम असताना दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजू मोज. २५० आरपीएमला माझदाची खालची मर्यादा ६ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) आहे, म्हणजे साधारण ८५ पीएसआय, आणि बाजूबाजूत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. नव्या सील बसायला वेळ लागतो म्हणून आत्ता आकडे थोडे कमी आले तर घाबरू नकोस, हजार मैलांनी परत मोज. पुढच्या रोटरचे आणि मागच्या रोटरचे वेगळे लिहून, क्रँकिंगच्या आरपीएमसकट, असे सहाही आकडे मला पाठव, आणि त्या स्लीव्ह हलतात की नाही तेपण. स्वॅपचं बोलणं त्यानंतर.

तुझा काका