पिठोऱ्याचे घोडे वर्गात आणावेत का?

प्रश्न : मी वडोदऱ्यात प्राथमिक शिक्षिकांना मार्गदर्शन करते. राठवा या आदिवासी समाजाच्या पिठोरा भित्तिचित्रांतून तिसरीला चित्रकला आणि वाचन-लेखन एकत्र शिकवायचं ठरलंय. पण शिक्षिका त्यातल्या घोड्यांच्या झेरॉक्स रंगवायला देऊन मोकळ्या होतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या झेरॉक्स बंद करा. पिठोरा म्हणजे सजावट नव्हे. नवस फेडताना लखारे (ही चित्रं काढणारे) तो घराच्या भिंतीवर काढतात, मग बडवा (त्यांचा पुजारी) एकेक आकृती ओळखून दाखवतो. म्हणून वर्गात त्याची नक्कल नको. (नवस कुणाचा, असं एखाद्या पोरानं विचारलं तर काय सांगाल?)

रीत मात्र जरूर घ्या. मुलांनी आपलीच भिंत मोठ्या कागदावर काढावी : शहरातला मांडवी दरवाजा, उत्तरायणातले पतंग, आजीची शेळी, काहीही. मग दुसऱ्या मुलानं एकेका आकृतीवर बोट ठेवून गोष्ट सांगायची आणि बाईंनी ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर उतरवायची. गुजराती, मराठी, राठवी यांची सरमिसळ झाली तर होऊ द्या. खाडाखोड केलीत की पोरं गप्प बसतात. दुसऱ्या दिवशी वाचनाचा पाठ तोच.

शिक्षिकांना भाषण नको. पहिला तास तुम्ही घ्या, दुसरा त्यांना घेऊ द्या आणि मागच्या बाकावर बसा. जमल्यास छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगढच्या आदिवासी अकादमीत त्यांना घेऊन जा. लखाऱ्याला शाळेत बोलावलंत तर मानधन आधी ठरवा. चहा-नाश्त्यावर भागवायची आपल्याकडची खोड मला अजिबात आवडत नाही.