मारुती ८०० चं इंजिन: खोलायच्या आधी एवढं तपासा

या महिन्यात आलेल्या पत्रांमधे मारुती ८०० आणि ओमनीचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून सगळी उत्तरं एकत्रच देतोय. गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली (जानेवारी २०१४ मधे शेवटची ८०० बाहेर पडली) तरी गावागावात ती अजून रोज चालते आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच वाक्य आहे, "गॅरेजवाला म्हणतो इंजिन काम करावं लागेल". तर आधी ते वाक्य थोडं बाजूला ठेवू.

प्रश्न: मी २००४ ची सेकंडहँड ८०० बघतोय. या इंजिनची बेसिक माहिती द्या, आणि घेताना नक्की काय बघायचं? (एक वाचक, लातूर)

उत्तर: ७९६ सीसी, तीन सिलेंडर, बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी. वर एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), तो टायमिंग बेल्टवर (क्रँकशी जोडणाऱ्या रबरी पट्ट्यावर) फिरतो, प्रत्येक सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह म्हणजे एकूण सहा. तुम्ही बघताय ती एमपीएफआय आहे (म्हणजे कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो), साधारण ३७ बीएचपी आणि ५९ न्यूटन मीटर टॉर्क. आकडे वाचून कमी वाटतील पण गाडीचं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे गावात आणि साध्या रस्त्यावर ती मस्त पळते. २००० च्या आसपास काही ८०० मधे बारा व्हॉल्व्हचं ४५ बीएचपीचं इंजिन पाच गिअरसोबत यायचं, तशी चांगली ठेवलेली मिळाली तर सोडू नका. ओमनीलाही हेच ७९६ सीसीचं इंजिन, फक्त ते पुढच्या सीटखाली बसवलेलं.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बोनेटला हात लावा, गरम लागलं तर समजायचं की तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ती तापवून ठेवलीय. थंड स्टार्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग ऑइल भरायचं झाकण काढून आतली बाजू बघा, तिथे दुधाळ पिवळट लगदा जमलेला असेल तर पाणी ऑइलमधे जातंय अशी शंका घ्या (पावसाळ्यात जवळ जवळच फिरणाऱ्या गाडीला थोडासा जमतो, तो वेगळा, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइलपण बघा, तेही दुधाळ असेल तर गाडी सोडा). इंजिन चालू ठेवून तेच झाकण परत काढा, भकाभका धूर वर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

प्रश्न: कुंभार्ली घाट चढताना काटा लालवर जातो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला तरी फरक नाही, आता हेड (इंजिनचा सिलेंडरवरचा भाग) खोलू म्हणतो. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा फार जुना आणि फार चुकीचा इलाज आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवीन बसवा, तो काही महाग पार्ट नाही, पण काढून फेकला की इंजिन गावातल्या गावात नीट गरमच होत नाही, एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, आणि घाटातला प्रॉब्लेम आहे तिथेच राहतो.

क्रमाने जा. पहिलं रेडिएटरचं झाकण, इंजिन पूर्ण थंड असताना उघडून त्याचं रबर बघा. चिरलेलं किंवा कडक झालेलं असेल तर प्रेशर धरत नाही आणि प्रेशर नसलं की पाणी लवकर उकळतं. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नाही, वाफेने तोंड भाजतं. दुसरं म्हणजे फॅन. या गाडीचा फॅन इलेक्ट्रिक आहे, पाणी ठराविक गरम झालं की थर्मो स्विच त्याला चालू करतो. गाडी जागेवर चालू ठेवा, काटा अर्ध्याच्या वर गेला तरी फॅन फिरला नाही तर इलेक्ट्रिशियनकडून स्विचच्या वायरी डायरेक्ट जोडून बघा. तसा फिरला तर मोटर चांगली आहे, स्विच गेलाय. तिसरं, रेडिएटर. वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी भरलेल्या गाडीत आतल्या नळ्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या असतात, सपाटीवर कळत नाही पण सेकंड गिअरमधे लांब चढ लागला की कळतं, कारण इंजिन जोरात काम करतंय आणि समोरून हवा मात्र कमी. रेडिएटर साफ करून घ्या किंवा बदला आणि पुढे कूलंटच वापरा.

हे सगळं ठीक निघालं तरच हेड गॅस्केटकडे (हेडखालच्या पॅकिंगकडे) वळायचं. थंड इंजिनचं रेडिएटर झाकण काढा, गाडी चालू करा आणि पाण्याकडे बघत रहा. सुरुवातीचे थोडे बुडबुडे हवेचे असतात पण रेस दिल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, किंवा कुठेही गळती दिसत नसताना पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट गेलंय असं धरा. मग हेड काढल्यावर फक्त गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. हेड अॅल्युमिनियमचं आहे, तापलं की वाकतं. सरळ पट्टी लावून लेव्हल तपासायला सांगा, गरज असेल तर फेसिंग करून (मशीनवर घासून सपाट करून) घ्या, नाहीतर नवीन गॅस्केटपण काही महिन्यात जाईल.

प्रश्न: १९९८ ची कार्बोरेटर ८००. पाऊस सुरू झाला की आयडलिंगला गाडी थरथरते, पिकअप नाही. इंजिनच खराब झालं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: थोडी थरथर या इंजिनच्या जातीतच आहे. तीन सिलेंडर असल्यामुळे क्रँकच्या दर २४० अंशांनी एकदा स्फोट होतो, चार सिलेंडरला दर १८० ने, म्हणून आयडलिंगला ते तेवढं गुळगुळीत कधीच वाटणार नाही. पण तुमची गाडी फक्त पावसात थरथरते म्हणताय म्हणजे एक सिलेंडर मिस मारतोय आणि कारण बहुतेक ओलावा आहे. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटतो तो) कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरून बघा, आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय, कॅप बदला. रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) आणि प्लगच्या वायरी त्याच वेळी बघून घ्या. रात्री अंधारात बोनेट उघडून गाडी चालू ठेवली तर खराब वायरवर निळ्या ठिणग्या चक्क दिसतात, फक्त वायरला हात लावू नका.

मग तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर एक, दोन, तीन अशा ओळीने ठेवा, अदलाबदल होऊ देऊ नका. टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलेंडर उत्तम चाललाय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा स्पार्क कमी आहे, ओलसर तेलकट काळा असेल तर ऑइल येतंय, आणि पांढराफट असेल तर मिक्श्चर पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे किंवा इंजिन तापतंय. तिघांपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलेंडरपुरता आहे, सगळं इंजिन खोलायची गरज नाही. माझ्या मते या गाडीवरची ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी तपासणी आहे आणि ती मेकॅनिकने तुमच्यासमोर करावी असा आग्रह धरा.

प्रश्न: सकाळी चालू करताना निळा धूर येतो, नंतर बंद होतो. रिबोअर (सिलेंडर आतून कापून मोठा करणं) करायला सांगितलंय. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: थांबा, रिबोअर नको. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या मिनिटापुरता निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात, रात्री तिथून थोडं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेल्या असतील तर धूर चालत्या गाडीतपण येतो, ॲक्सिलरेटर दाबला की जास्त येतो आणि ऑइल भराभर कमी होतं.

खात्री करायची तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडर किती प्रेशर धरतो ते मोजणं) करायला सांगा. एकदा तशीच, आणि मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत. ऑइल सोडल्यावर प्रेशर चांगलं वाढलं तर रिंगा किंवा बोअर झिजलेत, वाढलंच नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटची बाजू बघायची. तिन्ही सिलेंडर एकमेकांच्या जवळपास आणि चांगले निघाले तर फक्त सीलं बदला. ही टेस्ट न करता जो रिबोअर सांगतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका एवढं स्पष्ट सांगतो.

प्रश्न: कार्बोरेटरवाली गाडी चार दिवस उभी राहिली की खूप स्टार्टर मारावा लागतो. आणि ई२० (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलने काही होतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: चार दिवसात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि या गाडीचा पंप इंजिनवर चालणारा आहे, म्हणजे इंजिन फिरेल तेव्हाच तो पेट्रोल खेचणार, म्हणून थोडा जास्त स्टार्टर लागणं नॉर्मल. चोक पूर्ण ओढा, पाच-सात सेकंद मारा, जरा थांबा, परत मारा, सलग मारून बॅटरी संपवू नका. चालू झाली की चोक हळूहळू आत करा, विसरलात तर प्लग काळे होतात. एवढं करूनही त्रास असेल तर पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) आणि चोकची केबल बघा.

ई२० बद्दल, इथेनॉलमधे लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. एमपीएफआय गाडी सेन्सर बघून थोडंफार जुळवून घेते पण कार्बोरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे असतात, मिक्श्चर पातळ होतं आणि थंड इंजिन अडखळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रबर. तुमच्या जुन्या गाडीचे पाइप, डायफ्रॅम, कार्बोरेटरची पॅकिंगं या मिश्रणासाठी बनलेली नाहीत, ती फुगतात नाहीतर चिरतात. पेट्रोलचे सगळे पाइप एकदा बदलून टाका, इथेनॉलला चालणारे मिळतात. आणि बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका.

प्रश्न: टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: साठ ते ऐंशी हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलून घ्या, आणि जुनी गाडी घेतली असेल व बेल्टचं बिल हातात नसेल तर लगेच. कव्हर काढल्यावर बेल्टवर ऑइल दिसलं तर आधी ऑइल सील बदलायला लावा, नाहीतर नवीन बेल्टपण त्याच ऑइलमधे भिजून खराब होतो.